फोनचा वेग वाढवावा कीं नाहीं ?

हल्लीं मधल्या सुट्टींत वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांचें संभाषण सहज कानीं पडतें. त्यांत क्रिकेटच्या खालोखाल एक विषय हटकून निघतो. अमक्यानें आपला फोन 'रूट' केला, तमक्यानें त्यावर दुसरीच प्रणाली चढविली, तिसऱ्यानें तर प्रोसेसरचा वेग दीडपट केला, अशा पराक्रमांच्या कथा मोठ्या चवीनें सांगितल्या व ऐकिल्या जातात. उलटपक्षीं पालकांच्या सभेच्या दिवशीं जीं गाऱ्हाणीं आमच्यापुढें येतात, त्यांत "मुलानें फोनचें कांहींतरी करून ठेवलें" हें गाऱ्हाणें नाहीं असें वर्ष जात नाहीं. मुलांचें म्हणणें, यंत्र आमच्या हातीं आहे, मग तें उघडून कां पाहूं नये ? पालकांचें म्हणणें, पैसे आम्हीं मोजले आहेत, तेव्हां हातच लावूं नका. आमचें मत या दोहोंहून निराळें आहे. लिनक्सवर चालणाऱ्या फोनमध्यें फेरफार करण्याची विद्यार्थ्यास मोकळीक असावी, किंबहुना त्यासाठीं घरांत एक जुना फोन मुद्दाम राखून ठेवावा. पण ज्या फोनवर घराचा व्यवहार चालतो त्यास त्यानें बोट लावूं नये, आणि परत फिरण्याची वाट आधीं आंखल्यावांचून पुढें एक पाऊलहि टाकूं नये.

हें मत बनण्यास आम्हांस एक किंमत मोजावी लागली आहे, ती प्रथम सांगतों.

नोकिया कंपनीचा एन९०० नांवाचा फोन २००९ सालच्या नोव्हेंबरांत बाजारांत आला व पुढील वर्षीं तो आमच्या खिशांत आला. आजच्या मुलांस तो दाखविला तर हंसूं येईल : साडेतीन इंचांचा पडदा, खालून सरकून बाहेर येणारा कळफलक, वजन १८१ ग्रॅम, आणि कामचलाऊ स्मृति अवघी २५६ मेगाबाइट. परंतु त्याच्या पोटांत 'मायमो' नांवाची प्रणाली होती आणि ती डेबियन या सुप्रसिद्ध लिनक्स प्रणालीच्या घराण्यांतील होती. फोनवरच टर्मिनल उघडावें, आज्ञा लिहाव्या, आणि यंत्रानें त्या मुकाट्यानें पाळाव्या, हा अनुभव त्या काळीं आम्हांस फार नवीन वाटला. त्यांतच २०१० सालीं कांहीं स्वयंसेवक अभियंत्यांनीं त्या फोनसाठीं 'पॉवर कर्नल' तयार केलें. प्रोसेसर कारखान्यांतून ६०० मेगाहर्ट्झ वेगानें चालविण्यासाठीं आलेला ; या कर्नलच्या तक्त्यांत ११५० पर्यंतचे आंकडे होते. आंकडा दिसला कीं मोह होतो. आम्हीं एका संध्याकाळीं एकदम १००० वर उडी घेतली, दहा मिनिटें सर्व सुरळीत चाललेलें पाहिलें, आणि यंत्र सुरू होतांच हाच वेग लागू व्हावा अशी एक ओळ प्रारंभाच्या फाइलींत स्वहस्तें लिहून ठेवली.

दुसऱ्या दिवशीं फोन बंद करून सुरू केला. पडद्यावर खूण उमटे, यंत्र मध्येंच गोठे, पुन्हां आपोआप सुरू होई, पुन्हां गोठे. ती ओळ काढून टाकण्यास प्रणाली सुरू व्हावयास हवी, आणि त्या ओळीमुळेंच प्रणाली सुरू होत नव्हती. घाबरून आम्हीं संगणकाची तार जोडली व कळफलकावरील एक कळ दाबून धरून फोनवर मूळ प्रणाली नव्यानें चढविली. ही प्रणाली दोन भागांत मिळत असे. पहिला भाग केवळ मूळ प्रणालीचा. दुसरा भाग ३२ गिगाबाइटच्या मोठ्या साठ्याचा, आणि तो चढविला कीं साठ्यांतील सर्व कांहीं पुसलें जाई. आमचें काम पहिल्या भागानें भागलें असतें. आम्हीं मागचापुढचा विचार न करतां दोन्ही चढविले. त्या साठ्यांत आमच्या आजीच्या आवाजांतील जात्यावरच्या ओव्यांचें अकरा मिनिटांचें ध्वनिमुद्रण होतें. आजी त्याआधींच्या हिवाळ्यांत वारली होती. दुसरी प्रत नव्हती. फोन तासाभरांत पहिल्यासारखा चालूं लागला.

असो. आतां मूळ विषयाकडे वळूं. वेग वाढविणें म्हणजे काय, हें ज्यास समजलें तो आमच्यासारखी उडी घेणार नाहीं, अशी आमची समजूत आहे. म्हणून तें थोडें विस्तारानें सांगणें अवश्य आहे.

शाळेच्या स्नेहसंमेलनांत लेझीम पथक असतें तें सर्वांनीं पाहिलें आहे. हलगीच्या प्रत्येक ठेक्यास एक पाऊल. ठेका सावकाश असेल तोंपर्यंत रांगेंतील लहानांत लहान मुलगाहि पाऊल पुरें करून पुढच्या ठेक्यास तयार असतो. ठेका जलद केला कीं कोणा एकाचा पाय अजून हवेंत असतांनाच पुढचा ठेका पडतो, आणि रांग मोडते. प्रोसेसरांत असेंच चालतें. सेकंदास साठ कोटी ठेके म्हणजे ६०० मेगाहर्ट्झ. प्रत्येक ठेक्याच्या आंत लक्षावधि सूक्ष्म स्विचांनीं आपलें काम पुरें करून स्थिर व्हावयाचें असतें. ठेका फार जलद झाला तर त्यांतील एखादा स्विच वेळेवर पोंचत नाहीं आणि एकाच्या जागीं शून्य लिहिलें जातें. ही चूक महत्त्वाच्या जागीं झाली तर यंत्र गोठतें, आणि आम्ही तर म्हणतों, तें सुदैवच ! कारण तीच चूक एखाद्या छायाचित्राच्या किंवा वहीच्या फाइलींत झाली तर कोणास कळतहि नाहीं. तीन महिन्यांनीं फाइल उघडावी तेव्हां ती कुजलेली निघते. "माझा फोन चालतो आहे ना !" असें छाती ठोकून सांगणाऱ्या विद्यार्थ्यानें एवढी गोष्ट ध्यानांत ठेवावी.

मग स्विचांनीं जलद हालावें कसें ? विद्युद्दाब थोडा वाढविला कीं ते जलद हालतात. येथें मात्र निसर्गाचा हिशेब कडक आहे. प्रोसेसर कामांत असतांना तो जी शक्ति खातो, ती ठेक्याच्या प्रमाणांत वाढते आणि विद्युद्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ठेका ६०० वरून ९०० केला, म्हणजे दीडपट. त्यासाठीं दाब शेंकडा दहानें वाढविला, तर त्याचा वर्ग १.२१, दोहोंचा गुणाकार सुमारें १.८ येतो. दीडपट वेगासाठीं जवळ जवळ पावणेदोनपटींहून अधिक शक्ति, आणि ती सर्व शेवटीं उष्णतेच्या रूपानें बाहेर पडावयाची. टेबलावरील संगणकास पंखा असतो. फोनला पंखा नाहीं, त्याची उष्णता आपल्या तळहातांत व बॅटरींत जाते. वाढलेल्या उष्णतेंत व वाढलेल्या दाबाखालीं प्रोसेसरांतील केसाहूनहि अनेक पटींनीं बारीक असे धातूचे मार्ग हळूहळू झिजतात. ही झीज एका दिवसांत दिसत नाहीं, आणि झाल्यावर भरून निघत नाहीं.

कोणी विचारील, कीं कारखान्यानें ६०० हाच आंकडा कां ठरविला ? तो प्रोसेसर अधिक वेगानें चालूं शकतो हें तर पुष्कळांनीं करून दाखविलें. खरें आहे. पण एकाच कारखान्यांत एकाच दिवशीं निघालेले दोन प्रोसेसर अगदीं सारखे नसतात. कारखानदारास त्यांतल्या सर्वांत मंद प्रोसेसराचा, सर्वांत उष्ण दिवसाचा, अर्ध्या उतरलेल्या बॅटरीचा आणि कित्येक वर्षांच्या वापराचा विचार करून आंकडा छापावा लागतो. म्हणून छापील आंकड्याच्या वर थोडी मोकळी जागा बहुधा असते. परंतु ती तुमच्या यंत्रांत किती आहे हें तुमचेंच यंत्र सांगूं शकतें ; मित्राच्या फोनवर ९०० चाललें, म्हणून आपल्या फोनवर चालेलच असें मुळींच नाहीं.

यावरून करावयाची रीत आपोआप ठरते. एकदम उडी न घेतां एक एक पायरी चढावी : ६०० वरून ७००, तेथें एक दिवस थांबावें, जड कामें देऊन पाहावीं, फोनचें तापमान पाहावें, मग पुढें. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही, कीं नवा वेग हा पुष्कळ दिवसांच्या परीक्षेनंतरच कायमचा करावा. तोंपर्यंत तो केवळ चालू बैठकीपुरता असूं द्यावा, म्हणजे यंत्र गोठलें तरी बंद करून सुरू केल्याबरोबर तें कारखान्याच्या वेगावर परत येतें. एन९०० ची बॅटरी नखानें झांकण उघडून काढतां येत असे, ही त्या दृष्टीनें मोठी सोय होती. आजच्या बहुतेक फोनांत बॅटरी चिकटवून बसविलेली असते. तेथें बटन बराच वेळ दाबून धरणें हाच उपाय. पहिल्या दिवशींच ही युक्ति करून पाहून ठेवावी, प्रसंग आल्यावर शोधूं नये. मूळ प्रणाली चढविण्याआधीं बॅटरी पूर्ण भरलेली असावी, हेंहि येथेंच सांगून ठेवतों. प्रणाली मेलेला फोन पुष्कळदां चार्जहि होत नाहीं, आणि मग माणूस दोन्हीकडून अडतो.

प्रतीविषयीं आम्ही अधिक काय सांगावें ? फोनबाहेर, दुसऱ्या यंत्रावर, आणि उघडून पाहिलेली असावी. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे.

एक प्रश्न मात्र विद्यार्थी कधींच विचारीत नाहींत, आणि आमच्या मतें तोच पहिला असावयास हवा : फोन खरोखर प्रोसेसरमुळेंच मंद आहे काय ? आमचा एन९०० मंद वाटे तो बहुतेक वेळां स्मृति अपुरी पडल्यामुळें. २५६ मेगाबाइट भरले कीं प्रणाली उरलेला पसारा साठ्यांतील ७६८ मेगाबाइटच्या राखीव जागेंत नेऊन टाकी व लागेल तसा परत आणी. ही ने-आण संथ असे. तेथें प्रोसेसरचा ठेका दुप्पट केला तरी वाट पाहण्याचा वेळ तेवढाच राहणार. दुखणें पोटांत आणि लेप कपाळावर ! न लागणारे कार्यक्रम बंद केले, पाठीमागें गुपचुप चालणारी एक दोन कामें थांबविलीं, तेव्हां ६०० वरच फोन पुष्कळ हलका झाला. कोणतें काम किती वेळ व किती स्मृति खातें हें दाखविणारी साधी आज्ञा लिनक्समध्यें असते. ती चालवून दहा मिनिटें नुसतें पाहत बसावें. शिवाय लिनक्सचें कर्नल स्वतःच काम नसतांना ठेका उतरवितें व काम आलें कीं चढवितें. म्हणून वरचा आंकडा वाढविल्याचा लाभ आपण समजतों त्याहून पुष्कळ कमी वेळ मिळतो.

आतां अधिकाराविषयीं. 'रूट' होणें म्हणजे यंत्रावर सर्वाधिकार मिळविणें. नेहमींच्या वापरांत प्रणाली आपणांस पदोपदीं अडविते, आणि त्या अडवणुकीचा राग येतो. पण ती अडवणूक आपल्या चुकांनाहि अडवीत असते. सर्वाधिकाऱ्यास कोणी अडवीत नाहीं. आज्ञेंत एक रिकामी जागा चुकून अधिक पडली तर एका फाइलीऐवजीं सगळें घर पुसलें जाऊं शकतें. जी आज्ञा आपणांस शब्दशः वाचतां येत नाहीं ती दुसऱ्यानें दिली म्हणून आपल्या यंत्रांत उतरवूं नये. मायमोच्या काळीं जादा कार्यक्रमांचीं तीन कोठारें होतीं : एक पारखून घेतलेल्यांचें, दुसरें परीक्षेस बसलेल्यांचें, तिसरें अर्धवट घडत असलेल्यांचें. तिसऱ्या कोठाराचें दार सदोदित उघडें ठेवून "सर्व अद्ययावत कर" अशी आज्ञा देणारे लोक हमखास फोन मोडून बसत. आजहि कोठून तरी उतरविलेली प्रणाली फोनवर चढविणारे त्याच वाटेनें जातात. मूळ प्रकाशकानें दिलेली पडताळणीची संख्या आपल्या फाइलीच्या संख्येशीं ताडून पाहण्यास एक मिनिट लागतें ; तेवढें मिनिट द्यावें.

एवढे धोके सांगितल्यावर पालक म्हणतील, मग मुलांस याच्या वाटेस जाऊंच कां द्यावें ? द्यावें, असें आम्हांस आग्रहानें वाटतें. १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें आपल्या घरच्या संगणकासाठीं एक छोटें कर्नल लिहिलें, आणि पुढच्याच वर्षीं तें अशा परवान्याखालीं आणलें, कीं जो कोणी तें घेईल त्यानें वाचावें, बदलावें, आणि बदलून दुसऱ्यास दिलें तर त्याची मूळ संहिताहि द्यावी. आज अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनांत तेंच कर्नल वाढून मोठें होऊन बसलें आहे. पॉवर कर्नल निघूं शकलें तेंहि त्या परवान्यामुळेंच. नोकियानें २०११ च्या फेब्रुवारींत मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीची कांस धरली व मायमोचा मार्ग सोडला. तरी वापरणाऱ्या लोकांनीं तो फोन पुढें कित्येक वर्षें दुरुस्त करीत चालविला. २०१७ सालीं सुरू झालेल्या पोस्टमार्केटओएस या उपक्रमांत अशाच टाकून दिलेल्या फोनांवर नवें लिनक्स चालविण्याची खटपट होते, व त्यांत एन९०० चाहि समावेश आहे. बंद पेटी वापरणारा आणि तीच पेटी उघडून जोडणारा, यांतील दुसरा आमच्या मुलांनीं व्हावें, अशी इच्छा कोणत्या पालकास नसेल ? सायकलची साखळी स्वतः बसविणाऱ्या मुलाचे हात काळे झाले म्हणून आपण त्यास रागें भरत नाहीं.

मात्र कांहीं दारें बंदच राहावीं, आणि तीं कां, हें मुलांस सांगून बंद ठेवावीं. ज्या फोनवर बँकेचें खातें, पैसे पाठविण्याचें ॲप, आईच्या औषधांच्या चिठ्ठ्या किंवा नोकरीचा पत्रव्यवहार आहे, तो प्रयोगासाठीं नाहीं. बहुतेक अँड्रॉइड फोनांत बूटलोडरचें कुलूप उघडतांच आंतील सर्व माहिती पुसली जाते. पुढें कित्येक बँकांचीं ॲपें अशा उघडलेल्या फोनवर चालण्यास नकार देतात, आणि तो नकार आमच्या मतें अगदीं रास्त आहे. घरांतील एकुलता एक फोनहि वर्ज्य. मध्यरात्रीं ११२ लावण्याची वेळ आली आणि फोन खूण दाखवून गोठत बसला, तर मुलाच्या ज्ञानाचें कौतुक कोण करील ? फोनचा आयएमईआय क्रमांक बदलणें हा आपल्या देशांत गुन्हा आहे. २०१७ सालीं त्यासाठीं निराळे नियमच झाले. "गंमत म्हणून केलें" ही सबब तेथें चालत नाहीं.

बॅटरीस हात लावूं नये. वेगाची चूक फार तर यंत्र खाते. लिथियमच्या बॅटरीची चूक माणसास भाजते. फुगलेली बॅटरी दाबूं नये, टोंचूं नये, चार्जिंगला लावूं नये. ती काढून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी. फोन उशीखालीं ठेवून चार्ज करण्याची संवय तर, वेग वाढविलेला असो वा नसो, आजच सोडावी. एन९०० मध्यें चार्जिंग संभाळणारा कार्यक्रम हा मोजक्या बंद भागांपैकीं एक होता. त्या काळीं आम्हीं त्याबद्दल पुष्कळ कुरकुर केली, कारण मोकळें यंत्र म्हणावें आणि त्यांत कुलूपबंद कप्पा असावा, हें आम्हांस रुचलें नाहीं. आजहि रुचत नाहीं. पण त्या कप्प्यांत आम्ही त्या दिवसांत शिरलों असतों तर काय केलें असतें, हा विचार मनांत येतो तेव्हां थोडें बरेंहि वाटतें.

मुलाकडून लेखी हिशेब मागावा, अशी पालकांस आमची सूचना आहे. आज काय बदललें, पूर्वीं तें काय होतें, परत कसें न्यावयाचें, हें त्यानें साध्या वहींत तारखेसह लिहावें. पालकांस त्यांतील तांत्रिक भाग समजला नाहीं तरी चालेल. तिसरा रकाना रिकामा आहे कीं भरलेला, एवढें कोणासहि दिसतें.

आमचा तो एन९०० अजून आहे. तार जोडण्याची त्याची खांच केव्हांच निखळली. त्या जातीच्या फोनांचें तें ठरलेलें दुखणें होतें. बॅटरी काढून निराळ्या चार्जरांत भरावी लागते. गेल्या दिवाळींत तो आमच्या पुतणीनें मागून नेला. नववींत आहे. परवां ती आली तेव्हां आम्हीं सहज विचारलें, "काय ग, कितीवर नेलास ?"

"सहाशेंवरच आहे, काका. दोन दिवस नुसतें पाहत बसलें होतें. मागें एक कार्यक्रम उगीच चालत होता, तो बंद केला. आतां घड्याळ आणि शब्दकोश दोन्हीं पटकन् उघडतात." मग जरा थांबून म्हणाली, "सातशेंवर एकदां नेऊन बघूं का ?"

आम्हीं वही मागितली. ती तिनें आणली होती.